शंखपुष्पी घेऊ

हॅलो?… वनौषधी माहिती कक्ष, बोला… कोण? ताई? अगं, हा ऑफिसचा नंबर आहे, मोबाईलवर कर ना… उचलत नव्हते कारण तो पिशवीत होता. सकाळपासून तेवीस फोन झालेत. तेविसावे गृहस्थ विचारत होते, गुळवेल कुठल्या दिशेला तोंड करून प्यायची… नाही, हसले नाही. 'याबाबत आमच्याकडे पुरावा उपलब्ध नाही' म्हणाले. दिवसभर तेच म्हणते. परवा घरी यांनी विचारलं, जेवलीस का, तर त्यांनाही तेच म्हणाले.

हो, हो… ऐकतेय. डबा खातेय, पण कान मोकळे आहेत. बोल.

शंखपुष्पी? कोणाला?… ठमीला? आपल्या ठमीला?… कधीपासून?… तीन आठवडे! आणि फोन आज करतेस?… हो, परीक्षा आहे, माहितीये. मावशी आहे मी तिची, शेजारीण नाही… स्मरणशक्ती वाढते? कोण म्हणालं?… वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड इंजिनिअर. ते पूल बांधायचे ना?… मग पुलाबद्दल विचार त्यांना.

अगं ऐक ना… ऐक. माझ्यासमोर आत्ता तीन बरण्या आहेत. तिन्हींवर लिहिलंय 'शंखपुष्पी'. पहिलीत एक झाड, दुसरीत दुसरंच, तिसरीत चक्क गोकर्ण. जो तो म्हणतो आमचीच खरी. तुझ्या बाटलीत यातली कुठली आहे, ते बाटलीला तरी माहितीये का?… 'शंभर टक्के नैसर्गिक'. हं. विंचूही शंभर टक्के नैसर्गिकच असतो गं.

रागावले नाहीये. दमलेय. फरक असतो.

तो टुकटुक आवाज कसला?… चार्जिंग संपत आलंय? मग लाव ना… वायर ठमीच्या खोलीत आहे, आणि ती झोपलीय. बरं… थांब. दुपारी? ठमी कधीपासून दुपारची झोपायला लागली?… सकाळी काय पडलं?… कप. पडू दे, कप पडतातच… मग?… नुसतीच बघत राहिली? कुठे?… भिंतीकडे. किती वेळ?… तू हाक मारलीस तेव्हा?…

ओ दिली नाही.

थांब. डबा बाजूला ठेवला. फिट्सची गोळी चालू आहे ना तिची?… आणि दोन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं… नाही ताई, जागरणामुळे म्हणून सोडून देऊ नकोस. शंखपुष्पीचं डॉक्टरांना सांगितलंस?… 'ते रागावतात' म्हणून नाही सांगितलं. वा.

कुठलं पत्रक?… माझं? आमच्या कक्षाचं?… त्यात लिहिलंय म्हणून दिलीस? मी असं लिहीन?… फोटो पाठवला इंजिनिअरांनी. काढ बरं तो. वाच… मोठ्याने वाच… 'फिट्सच्या गोळ्या चालू असताना शंखपुष्पी डॉक्टरांना न विचारता घेऊ'… हं, पुढे?… पुढे काय?… पुढे काही नाही?

…

थांब, आमचं पत्रक काढते टेबलावरून.

ताई, त्यांनी पान उलटलं नाही. 'नये' मागे आहे. घेऊ नये! कागदाला तीन घड्या आहेत आणि त्या वाक्यातलं 'नये' तेवढं मागच्या बाजूला गेलंय… अगं आठ वेळा तपासलं होतं. पाच जणांची समिती. एका स्वल्पविरामावरून पाऊण तास भांडलो. पुरावा कुठल्या दर्जाचा, यावर दोन बैठका झाल्या. घडी कुठे पडेल, हे एकानेही पाहिलं नाही. मीही नाही… आपली भाषाच अशी, सगळं सांगून झाल्यावर शेवटी नाही म्हणते. आणि शेवटी कागद संपतो.

पण मला सांग, 'घेऊ' वाचून तुला वाटलं तरी काय? 'चला, घेऊ'?… 'किती आपुलकीने लिहिलंय.' ऑफिसचं पत्रक ते! आमच्याकडे आपुलकीला मंजुरी लागते… काय?… 'तू लिहिलंयस म्हणून विश्वास ठेवला'…

हं. नाही, काही नाही. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस, तेही अर्धं.

बरं, रडू नकोस. ऐक. शंखपुष्पीने काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण उतरू शकतं. ठमीची गोळी त्यातलीच आहे. दोन रुग्णांच्या थांबलेल्या फिट्स परत सुरू झाल्या, तेव्हा लोकांना शंका आली, मग उंदरांवर पाहिलं, तिथेही प्रमाण उतरलं… दोनच रुग्ण, हो. फार मोठा पुरावा नाही, तेही लिहिलंय मी. मागच्याच बाजूला. पण ठमी तिसरी व्हायला नकोय मला.

आता दोन गोष्टी नीट ऐक. एक, सिरप आजपासून बंद. बाटली फेकू नकोस, डॉक्टरांना दाखव. दुसरी, ठमीची गोळी… काय? अर्धी?… केलीस की करणार होतीस?… उद्यापासून. का पण?… 'मुळापासून बरं होतंय, तर ती गोळी कशाला.' हेही पूलवालेच?… नाही! ऐक. गोळी बंद करू नये. कमी करू नये. एक दिवससुद्धा चुकवू नये. ती एकदम सोडली की थांबता थांबत नाही अशी फिट येऊ शकते. कळतंय?… मी नाही ठरवायचं, तू नाही ठरवायचं, डॉक्टर ठरवतील. आत्ता फोन कर त्यांना, आणि तिच्या खोलीत जाऊन बस… उठली तर उठू दे गं!

टुकटुक वाढलंय तुझं. झटकन सांग, मी काय म्हणाले?… नाही, 'कळलं' नको. तुझ्या तोंडाने म्हणून दाखव… 'सिरप बंद.' शाब्बास. पुढे?… 'गोळी बंद करू'… हं, करू काय?… पुढचा शब्द, ताई. करू काय?…

ताई?

हॅलो?… नये! नये म्हण!… हॅलो?