गेटपासून दारापर्यंत

मिस्त्री : काका, वाटेवरचे हे ब्लॉक आहेत का दुधावरची साय? नखानं ओढली तरी निघतेय.

काका : आत ओल राहिली.

मिस्त्री : राहिली नाही, कोंडली. वरून झाकण घातल्यावर आतलं पाणी जाणार कुठं? पांढरं फुटणारच. कुठल्या शहाण्यानं केलंय हे काम?

काका : मीच.

मिस्त्री : अरे देवा. तोंड आवरत नाही बघा माझं.

काका : बरोबर बोललास की. चाळीस वर्षं फर्निचरला पॉलिश केलं मी. म्हटलं, ब्लॉकवर मारायचा सीलर म्हणजे असं काय वेगळं असणार आहे. चार हात दिले.

मिस्त्री : चार! दोन पातळ दिले की बास होतं.

काका : लाकडाला मी आठ-आठ द्यायचो.

मिस्त्री : लाकूड पितं काका. हे सिमेंट. धुतल्यावर किती दिवस सुकू दिलंत?

काका : सकाळी धुतलं. दुपारी पहिला हात मारला.

मिस्त्री : एवढी कसली घाई?

मुलगी : आईसाठी. हा चहा घ्या मिस्त्री, कडेला ठेवते. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, ती चाकांच्या खुर्चीतून घरी येणार होती. आणि इथं फटींमधली वाळू सगळी वाहून गेलेली, गवत माजलेलं. गेटपासून दारापर्यंत खुर्चीला गचके बसले असते. म्हणून बाबांनी फटी भरल्या आणि वर हे मारलं. बाबा, तुम्ही अजून सही केली नाहीत.

काका : करतो.

मुलगी : काल पण करतोच म्हणालात. उद्या अकराला दवाखान्यात बोलावलंय. तुमच्या सहीशिवाय तक्रार उभी राहत नाही.

काका : त्या सिस्टरची नोकरी जाईल.

मुलगी : जाऊ दे. गुरुवारी सोडतो म्हणाले होते आईला. त्या सिस्टरनं कागद अडवून ठेवले आणि शुक्रवारी पहाटे आई त्या वॉर्डात एकटी गेली. एकटी, बाबा. बाजूच्या खाटेवरच्या बाईला कळलं आधी. सहा महिने झाले, मला झोप नाही.

काका : चहा गार होतोय त्याचा.

मिस्त्री : असू द्या, मला कोमटच लागतो. ताई, मी आपलं कामाचं विचारतो. हे बुटांचे ठसे कसले? सीलरचा कोट पार तळापासून उचललाय. जवळजवळ पावलं आहेत, चौघांची तरी. जड काहीतरी उचलून आणल्यासारखी. कपाट आणलं होतं का?

मुलगी : आईला आणलं होतं.

मिस्त्री : ...माफ करा ताई.

मुलगी : तुम्हाला काय माहीत. माझ्या पण चपला चिकटत होत्या त्या दिवशी. मला वाटलं, माझेच पाय उचलत नाहीयेत.

मिस्त्री : चिकटणारच. कोट ओला होता.

मुलगी : ओला नव्हता. आठवडा झाला होता मारून. हो ना बाबा?

मिस्त्री : छे छे. आठवड्यानं असा ठसा उठत नाही ताई, चार हात असले तरी. शेवटचा हात मारून दोन दिवस झाले असतील त्याला, फार तर. हे बघा, बुटाच्या तळाची नक्षी उमटलीय.

मुलगी : बाबा?

काका : बुधवारी मारला शेवटचा.

मुलगी : कुठल्या बुधवारी?

काका : त्याच.

मुलगी : म्हणजे गुरुवारी आई घरी येणार, आणि बुधवारी तुम्ही...

मिस्त्री : मी जरा पाण्याचा पाइप जोडून येतो.

(मिस्त्री घराच्या मागे नळाकडे जातो.)

मुलगी : बोला.

काका : सिस्टरनं काही अडवलं नाही, पोरी. बुधवारी संध्याकाळी तिनंच फोन केला होता. म्हणाली, काका, उद्या घेऊन जा, घरच्या जेवणानं माणूस लवकर उभं राहतं. मीच म्हटलं, शनिवारपर्यंत ठेवा.

मुलगी : का?

काका : कोट ओला होता.

मुलगी : एवढ्यासाठी?

काका : एवढ्यासाठीच. खुर्चीची चाकं रुतली असती, चरे पडले असते. मला वाटलं, आता एवढं केलंय तर ती येईल तेव्हा आरशासारखं असू दे. चार दिवस गुडघ्यावर बसून केलं होतं मी.

मुलगी : सहा महिने मी त्या बाईला शिव्या घालतेय. तुमच्यासमोर बसून. तुम्ही मला घालू दिल्या.

काका : रोज वाटायचं, आज सांगू. तू यायचीस, डबा ठेवायचीस, त्या सिस्टरवर चिडायचीस. मला वाटायचं, हिला चिडायला कुणीतरी लागतंय. आणि ते कुणीतरी मी नको होतो.

मुलगी : आई घरी असती तर वाचली असती का, ते मी नाही विचारत. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गुठळी कुठंही सुटली असती. पण तुम्ही शेजारी असता. तिनं हात पुढं केला असता तर तुम्ही तिथं असता.

काका : हो.

मुलगी : नुसतं हो काय म्हणता!

काका : दुसरं काय म्हणू? रोज रात्री मी तेच म्हणतो. तू आज म्हणालीस.

मुलगी : आईला माहीत होतं? तुम्ही थांबवलंत ते?

काका : मीच सांगितलं फोनवर. रुसली. म्हणाली, मला काय करायचीय तुमची चकाकी? मी चिखलातून पण आले असते. मी म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, उगीच हट्ट करू नकोस. तिनं फोन ठेवला. गुरुवारी मी भेटायला गेलो नाही. म्हटलं, रुसवा जरा उतरू दे.

मुलगी : गेलाच नाहीत?

काका : कडेचे डाग पुसत बसलो होतो.

मुलगी : डाग!

काका : मार मला पाहिजे तर.

मुलगी : काहीतरी बोलू नका. आलाय मला तुमचा राग. आज-उद्यात जायचा नाही तो.

काका : नको जाऊ दे.

मुलगी : तो कागद मी फाडणार आहे. पण उद्या अकराला आपण जायचं. दोघांनी. त्या सिस्टरला तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडानं. मी नाही बोलणार.

काका : येतो. सांगतो सगळं.

मुलगी : आणि मला सांगितलंत तसं सांगायचं. डागांचं पण.

काका : डागांचं पण.

मिस्त्री : झालं, पाइप जोडला. येऊ का? हं, तर ऐका काका. कोट सोडवायचं औषध टाकून हे सगळं खरवडायचं, धुवायचं, चांगलं खडखडीत वाळू द्यायचं. मग फटींत कोरडी वाळू आणि दोन पातळ हात. ओल्या औषधावर पाय ठेवायचा नाही, आणि सीलर मारला की पुढं दोन दिवस नाही.

मुलगी : मग उद्या सुरू करू नका. उद्या आम्हाला बाहेर पडायचंय. घराला दुसरी वाट नाही.

मिस्त्री : पडा की! सगळं एका दमात कुठं करतोय मी? अर्धं-अर्धं करायचं. आधी डावीकडची बाजू, ती सुकली की उजवीकडची. राहत्या घराची वाट कधी बंद करत नाहीत ताई, आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते.

मुलगी : उरलेल्या अर्ध्यातून चाकांची खुर्ची जाते?

मिस्त्री : आरामात. ढकलणारा पण जातो बाजूनं. का, घरात आहे का कुणी खुर्चीवर?

मुलगी : नाही. कुणी नाही.

मिस्त्री : मग तर काहीच अडचण नाही. काय काका? असे बघत काय राहिलात? पटलं नाही का?

काका : पटलं. लाकडी जिन्याला पॉलिश करताना मी एक पायरी सोडून एक करायचो. घरातल्यांना वर-खाली करता यावं म्हणून.