कचरागाडीवरचा भोंगा

नगरपरिषदेच्या बाकावर भावनाशेजारी दोघं निवेदन घेऊन बसले होते. बोलण्यावरून कळलं, ते तिच्याच ले-आउटच्या रहिवासी समितीचे.

“मी गावले गेलती, प्रेमदासभाऊ. सभेले किती आले?”

“एकटा मीच. सतरंजी मीच टाकली, मीच गुंडाळली.”

“नाली तर साऱ्यायच्याच दारात तुंबली.”

“म्हणून तर मी कचरागाडीत बसून भोंग्यावर सांगतलं, कांताबाई. घरोघरचे बाहेर आले.”

“मंग?”

“बादल्या घेऊन. कचरा टाकला न् गेले.”

“कोणीच नाई थांबलं?”

“एक बाई थांबली. तोंडाले दुपट्टा बांधून होती. वाटलं, सभेचं विचारते.”

“काय म्हणे?”

“म्हणे, उद्या जरा लवकर येजा.”

प्रेमदासनं निवेदन भावनापुढे धरलं.

“ताई, तुम्ही कोण्या ले-आउटच्या?”

भावनानं गळ्यातला दुपट्टा नाकावर ओढला.