पाच नंबरची चप्पल

बाप जाऊन महिना झाला होता. त्याचं चपलांचं दुकान बंद करायचा अर्ज घेऊन लेक नगरपालिकेच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभी होती. पुढच्या दोघी तिला ओळखत नव्हत्या.

"चपलावाला गेला, पण जाताना माझी फजिती करून गेला बघ."

"ती कशी?"

"वीस वर्षं मला पाच नंबर म्हणून चपला दिल्या. काल दुसऱ्या दुकानात गेले, तर म्हणे सात!"

"अगं, खोक्यावर खोटा आकडा तोच चिकटवायचा. सगळ्या बायकांना."

"आणि स्वतःच्या बायकोला?"

"तिला तीन! गावभर मिरवायची बिचारी."

"लबाड मेला! आता मी कुठं जाऊ?"

लेकीने अर्जाची घडी घालून पर्समध्ये कोंबली.

"काकू, सोमवारी दुकान उघडतेय. या तुम्ही. पाच नंबर काढून ठेवते."