अळणी आमटी

बिबवेवाडीच्या बसची वाट पाहणाऱ्या मकसूदच्या मागे शोकसभेहून आलेले दोघे उभे राहिले. गेलेल्या समीक्षकाची म्हातारी पत्नी आणि एक पिकल्या केसांचा लेखक.

"अहो लेले, सभेत तुम्हीच तेवढे गप्प."

"काय बोलणार, वहिनी? माझ्या पहिल्या कादंबरीची सरांनी सालटी काढली होती."

"अजून राग आहे?"

"छे! म्हणून तर दुसरी जमली. आज मात्र सगळ्यांनी नुसती स्तुती केली. सरांना मुळीच खपलं नसतं."

"घरीही तेच चाललंय. हे रोज माझ्या आमटीला नावं ठेवायचे. परवा मी मुद्दाम मीठच घातलं नाही, तरी सून बिचारी म्हणाली, छान झालीय."

"रविवारी जेवायला येतो, वहिनी. पण खरं तेच सांगेन."

"या. मीठ घालीनच असं नाही."