अर्थिंगला पाणी

कोल्हापूर स्टँडवर चंदगडची गाडी काही लागेना. रांगेत माझ्या पुढं टेलिफोनचे लाइनमन भाऊसो आणि त्यांच्या ओळखीच्या तानूबाई.

"तानूबाई, तुमच्या गावच्या एक्स्चेंजमागं अर्थिंगच्या पाइपला शेंदूर कुणी फासला?"

"बायांनी. रोज पाणी घाला म्हणून तुमीच सांगितलंसा की!"

"अवो, जमीन ओली असली की वीज तारंनं खाली जाती, मशिनं जळत न्हाईत. म्हणून सांगितलं!"

"तेवढं कोण ऐकतंय? पाणी घालता घालता हळद-कुंकू आलं, नारळ आला. आता नवस बोलत्यात."

"उद्या मोठं सायेब तपासायला येणार. त्यास्नी काय दाखवू?"

"ओल दावा की! वळवात शेजारच्या गावची मशिनं जळली. आमची जळली व्हय?"

"न्हाय."

"मग!"

"म्हणजे तुमीबी पाया पडताय?"

"छ्या! आमी बौद्ध माणसं. देवबीव मानत न्हाय."

"मग सकाळी पयला तांब्या तुमचाच कसा असतोय?"

"आयतवारी पुण्यासनं लेकीचा फोन येतोय की!"