न हलणारा पलंग

बायको : अहो, डेकवर उभे राहून असे हात हलवू नका. दिसताय मला. आख्ख्या बंदराला दिसताय.

नवरा : मग तू का नाही हलवत?

बायको : खिडकीपर्यंत आले हेच खूप झालं. पडदा धरून उभी आहे.

नवरा : खोकला?

बायको : आहे आपला. तुम्हाला फोनवर ऐकू येतोय तेवढाच.

नवरा : खोटं बोलू नकोस. घरमालकीणबाईंचा सकाळी फोन आला होता. रात्रभर तापानं फणफणली होतीस म्हणाल्या.

बायको : त्या बाईंच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. बरं, ऐका. त्यांनी हॉस्पिटलात कळवलंय. गाडी येतेय मला न्यायला.

नवरा : आत्ता?

बायको : आत्ता. नवाच आजार आहे, घरात ठेवायचं नाही म्हणे. पिशवीसुद्धा भरून झाली.

नवरा : मी येतो.

बायको : कसे येणार? बोटीवरच्या माणसानं जमिनीवर पाय ठेवायचा नाही म्हणून रोज लाउडस्पीकरवरून ओरडतायत.

नवरा : ओरडू देत. छोटी होडी पाण्यात सोडतो, चार वल्ही मारली की धक्क्याच्या पायऱ्या.

बायको : आणि बोट कुणाच्या जिवावर सोडणार? वारा बघा कसा सुटलाय. परवासारखा नांगर सरकला तर? जमिनीवरचं घर विकून बसलोय आपण. हे एवढंच राहिलंय.

नवरा : खड्ड्यात गेलं घर!

बायको : असं बोलू नका हो. जन्मभर दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त करून घेतलीत ती बोट. तिचे पडदे मी शिवलेत. मला परत यायचंय तिथं.

नवरा : कशाला उतरलीस गं तू?

बायको : तुम्ही नको म्हणत होता, मीच ऐकलं नाही. एक रात्र या बाईंची खोली भाड्यानं घेऊन न हलणाऱ्या पलंगावर पाठ टेकायची होती, एवढीच हौस. सकाळी उठेपर्यंत बंदर बंद होईल हे कुणाच्या स्वप्नात होतं?

नवरा : मग? लागली का झोप?

बायको : हसाल तुम्ही.

नवरा : नाही हसत.

बायको : एकही रात्र धड झोपले नाही. हलतच नाही मेला तो पलंग. डोळे मिटले की वाटतं, काहीतरी थांबलंय.

नवरा : अगं...

बायको : आली गाडी. नखशिखांत पांढरे कपडे आहेत त्यांचे, तोंडंसुद्धा दिसत नाहीत. जिना चढतायत. अहो, दुपारी नीट जेवा. नुसती बिस्किटं खात बसू नका.

नवरा : मी निघालो. तू सावकाश उतर. मुद्दाम वेळ लाव.

बायको : येऊ नका म्हणतेय ना मी! ...किती वेळ लागेल तुम्हाला?

(त्याच आठवड्यातली एक दुपार. नवरा बोटीवर, फोनवर घरमालकीण.)

घरमालकीण : भाऊ, जेवलात का?

नवरा : हॉस्पिटलातून काही कळलं का? कालपासून तिचा फोन बंद येतोय. तिथल्या नंबरवर लावतो तर कुणी उचलत नाही.

घरमालकीण : आधी खाली बसा बघू.

नवरा : बसलोय.

घरमालकीण : मला फोन आला होता. ताईंनी माझा नंबर देऊन ठेवला होता. पाण्यावर रेंज असते, नसते, म्हणून.

नवरा : बाई, सांगून टाका.

घरमालकीण : पहाटे गेल्या हो ताई.

नवरा : जवळ कोण होतं?

घरमालकीण : एक नर्स. तिनंच कळवलं मला. शेवटपर्यंत हात धरून बसले होते, म्हणाली. फोनवर रडत होती बिचारी.

नवरा : मला बघू देतील?

घरमालकीण : नाही हो. मी गेले होते, फाटकाशी भांडले. लांबूनसुद्धा बघू दिलं नाही. त्यांचं त्यांनीच सगळं उरकलं. आपलं म्हणून कुणी नव्हतं.

नवरा : त्या दिवशी मी पायऱ्यांपर्यंत आलो होतो. दोन पोलिसांनी धरून परत होडीत घातलं मला. गाडीभोवती सगळी ती पांढरी माणसं. मला ती दिसलीच नाही. फोनवर विचारायचं धाडस नाही झालं. तिला वाटलं असेल, आलाच नाही.

घरमालकीण : तुम्हाला त्या दिसल्या नाहीत. त्यांना तुम्ही दिसलात.

नवरा : उगाच समजूत काढू नका माझी.

घरमालकीण : मी चपला विकते, भाऊ. गोड बोलता आलं असतं तर दुकान दुप्पट चाललं असतं. मी पिशवी द्यायला गाडीच्या दाराशी होते. तुमची होडी बघून ताई मला म्हणाल्या, ‘बघा बघा, एवढं येऊ नका म्हटलं तरी आलाय माणूस. आणि अंगात लाइफ जॅकेट नाही!’

नवरा : असं म्हणाली?

घरमालकीण : चिडून म्हणाल्या. पण हसत होत्या. दार लावेपर्यंत मान वळवून तिकडेच बघत होत्या.

नवरा : घाईत राहिलं घालायचं.

घरमालकीण : राहणारच. बोटीवर आणखी कुणी नाही का हो?

नवरा : कोण असणार? मुलगी आहे, पण ती परदेशात. विमानं बंद. तिला सांगायला हवं.

घरमालकीण : मी सांगू का?

नवरा : नको. मीच सांगतो. जरा आवाज लागू दे.

घरमालकीण : बरं.

नवरा : बाई, थोडा वेळ फोन ठेवू नका. बोलायचं काही नाही. नुसतं.

घरमालकीण : नाही ठेवत.

नवरा : तुमचं काम अडेल.

घरमालकीण : आख्ख्या शहराला कुलूप लागलंय, भाऊ. मला कसलं आलंय काम? बसा तुम्ही. मी आहे.