तूदाचा हात

मोरोक्कोतल्या खेनिफ्राच्या दवाखान्यात बायकांच्या स्तनांची तपासणी चालली होती. रांगेत माझ्यापुढे डोंगरातल्या इत्तोमावशी होत्या आणि त्यांच्या शेजारी, सासूला नुकतंच आत पाठवून बसलेली गिझलान नावाची शिक्षिका.

“मावशी, तपासणीचं तुम्हाला कळलं कुठून? भिंतीवरचा कागद वाचलात?” गिझलानने विचारलं.

“मला कुठलं गं वाचता येतंय!”

“मग टीव्हीवर?”

“टीव्हीतली बाई अरबी बोलते, मी अमाझिग. तिचं नुसतं तोंड हललेलं दिसतं.”

“फोनवर निरोप आला असेल.”

“फोन मुलाचा. तो असलं काही आईला वाचून दाखवेल होय?”

“मग सांगितलं तरी कोणी?”

“हमामात बायकांना न्हाऊ घालणाऱ्या तूदानं. माझं अंग चोळताना तिचा हात थांबला. म्हणाली, इत्तो, इथं गाठ लागतेय, दवाखाना गाठ. सकाळी पहिलीच गाडी धरली.”

“भीती नाही वाटली?”

“वाटली की! म्हणून तर आले. तुला कोणी सांगितलं?”

“मला रोजच कोणीतरी सांगतं. फोन, टीव्ही, शाळेतला फलक. सगळं पाठ झालंय.”

“मग तू केलीस तपासणी?”

“मी… सासूबाईंसोबत आलेय.”

“ते विचारलं नाही मी. तुला काही लागतंय का हाताला?”

“लागतं.”

“कधीपासून?”

“रमजानच्या आधीपासून.”

“घरी माहितेय?”

“नाही.”

“बरं. आता माझाच नंबर आहे. माझ्या जागी तू आत जा. सासू बाहेर आली की तिच्याशी मी बोलत बसते.”

“त्यांना अमाझिग येत नाही, मावशी.”

“मग तर फारच वेळ लागेल. जा तू.”

नर्सने हाक मारली. गिझलान उठली.